कमला खानला टेबलाखाली ठेवू नका

प्रति,
आपल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी आणि रविवारच्या मराठी शाळेचे पालक,
जर्सी सिटी, न्यू जर्सी

अध्यक्षकाका आणि कार्यकारिणीतल्या ताई-दादांनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी शाळा सुटल्यावर पुस्तकांच्या टेबलाशी गेले, तर देवघेवीच्या पुस्तकांतली कमला खानच्या कॉमिकची पाच पुस्तकं गायब. मीच आणून ठेवलेली होती, म्हणून लगेच लक्षात आलं. शोधल्यावर टेबलाखाली, गणपतीच्या मखराशेजारी, एका खोक्यात सापडली. खोक्याला चिकटपट्टी लावलेली. बुधवारी रात्री आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न आला होता, ‘पाकिस्तानी मुस्लिम मुलीचं कॉमिक आपल्या मराठी शाळेत कशाला?’ आणि त्याला सकाळपर्यंत सव्वीस अंगठे मिळाले होते. चिकटपट्टी त्या अंगठ्यांची, हे मला कळलं. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. खोकं मी उघडलेलं नाही. ज्यांनी बंद केलं त्यांनीच ते उघडावं असं वाटतं, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मराठी शाळेत इंग्रजी पुस्तकं नकोत, असं म्हणणं असतं तर मी मुकाट्यानं सगळी घरी नेली असती. पण त्याच टेबलावर स्पायडरमॅन आणि बॅटमॅन अजून ऐटीत बसलेत. तेव्हा भाषेचं राहू द्या.

अंगठा देणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक उघडून पाहिलं, तेही विचारत नाही. ज्यांचं राहिलं असेल त्यांच्यासाठी सांगते. ‘मिस मार्व्हल’ हे नाव घेऊन फिरणारी कमला खान सोळा वर्षांची आहे आणि राहते आपल्याच गावात, जर्सी सिटीत. वडील युसूफ बँकेत नोकरीला, आई मुनीबा, थोरला भाऊ आमिर. पोरीला अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहीरोंच्या टोळीचं वेड. त्यांच्यावर स्वतः गोष्टी रचते, इंटरनेटवर टाकते आणि किती जणांना आवडल्या ते मोजत बसते. न्यू जर्सीतच वाढलेल्या सना अमानत या तेव्हा मार्व्हल या कॉमिक काढणाऱ्या कंपनीत संपादिका. त्या आपल्या लहानपणचे किस्से सहकारी स्टीफन वॅकर यांना सांगायच्या, त्यातून ही मुलगी जन्मली. लिहिलं जी. विलो विल्सन यांनी, त्या स्वतः इस्लाम स्वीकारलेल्या अमेरिकन. चित्रं एड्रियन अल्फोना यांची. २०१३ मध्ये कमला दुसऱ्या नायिकेच्या अंकात ओझरती दिसली, फेब्रुवारी २०१४ मध्ये तिचा स्वतःचा पहिला अंक निघाला आणि २०१५ मध्ये पहिल्या खंडाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

ही झाली माहिती. ती कुणालाही मिळते. मला सांगायचंय ते पहिल्या पानाबद्दल. तिथे कमला एका दुकानाच्या काउंटरवर ओणवी होऊन बेकनच्या सँडविचचा नुसता वास घेत उभी आहे. खायचं नाही हे ठरलेलं. पण वास घ्यायला कुणाची मनाई? संकष्टीच्या दिवशी शाळेच्या कँटीनमध्ये मैत्रिणीच्या ताटातल्या चिकन नगेट्सकडे बघत बसणारी माझी लेक ते पान बघून इतकी हसली, की शेवटी मी तिच्या हातातून पुस्तक घेऊन बघितलं. मी कॉमिक वाचणारी बाई नाही. वेताळ आणि मॅन्ड्रेक वाचलेत ते शाळेत असताना, तेही भावाच्या गादीखालचे चोरून. हे पुस्तक मात्र उभ्याउभ्या वाचून काढलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

तर, गोष्ट अशी सुरू होते. कमलाला पार्टीला जायला घरून परवानगी नाही, ती खिडकीतून निसटते. तिथे पोरं तिला फसवून ज्यूसमधून दारू पाजू बघतात, तिच्या अंगाला ‘करी’चा वास येतो म्हणून खिदळतात. ती रागारागानं बाहेर पडते आणि शहरावर एक विचित्र धुकं उतरतं. त्या धुक्यात तिला तिचे लाडके नायक दिसतात, आणि सोनेरी केसांची कॅप्टन मार्व्हल चक्क अमीर खुसरोच्या ओळी म्हणते. ‘सकल बन फूल रही सरसों.’ अमेरिकेतल्या सुपरहीरोच्या तोंडी खुसरो! जर्सी सिटीतल्या मुलीला दृष्टान्त झालाच, तर तो अर्धा टीव्हीतून आणि अर्धा आजीच्या गाण्यातूनच होणार, हे लिहिणारीला ठाऊक आहे.

दृष्टान्तात कमलाला विचारतात, तुला काय व्हायचंय? ती कॅप्टन मार्व्हलला म्हणते, मला तुझ्यासारखं व्हायचंय. तुझ्यासारखं सुंदर, जबरदस्त, आणि जरा कमी गुंतागुंतीचं. देव देतो तसा वर मिळतो. धुक्यात तिच्याभोवती तयार झालेल्या कोषातून बाहेर येते तेव्हा ती खरोखरच गोरी, सोनेरी केसांची, उंच टाचांच्या बुटांतली बाई झालेली असते.

आता गंमत बघा. हवं ते मिळालं, पण केस तोंडात जातात, कपडे नको तिथे काचतात, थंडी वाजते. तेवढ्यात पार्टीत तिला टोमणे मारणारीच मुलगी पाण्यात पडते. कमलाला आठवते वडिलांनी सांगितलेली कुराणातली आयत, एका माणसाला मारणं म्हणजे साऱ्या माणुसकीला मारणं आणि एकाला वाचवणं म्हणजे साऱ्यांना वाचवणं. ती हात पसरून राक्षसाएवढा करते आणि त्या मुलीला उचलून काठावर ठेवते. काम फत्ते होतं. पण दुसऱ्या कुणाचं तरी रूप घेऊन वावरणं भयंकर थकवणारं असतं, हे तिला त्याच रात्री कळतं.

पुढे त्याच दुकानात चोरी होते, झटापटीत तिला गोळी लागते, तेव्हाही ती त्या उसन्या सोनेरी रूपात असते. आणि जखम भरते कधी? ती आपल्या मूळ रूपात परत येते तेव्हा. या पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते हीच, आणि विल्सनबाईंनी तिच्यावर कुणालाही भाषण ठोकू दिलेलं नाही. मुलगी आपल्या अंगात परतते, जखम भरते, आणि गोष्ट पुढे जाते.

माझी लेक तिसरीत असताना तिनं आपलं तीन अक्षरी नाव एका अक्षरावर आणलं होतं. बाईंना उच्चारता येत नाही म्हणे. डब्यातली भाजी-पोळी संध्याकाळी तशीच परत यायची. आई, तू शाळेत येताना टिकली लावू नकोस ना, असंही एकदा म्हणून झालं. त्या दिवशी मी गाडीत बसून टिकली आरशाला चिकटवली आणि मग आत गेले. तुमच्याकडे हे झालंच नसेल तर तुम्ही भाग्यवान. पण दसऱ्याच्या कार्यक्रमाला, नऊवारीतल्या छोट्या मुलींच्या मागे उभं राहून आपण आयांनी एकमेकींना जे सांगितलंय ना, त्यावरून मला वाटतं, घरोघरी मातीच्या चुली.

नावावरून आठवलं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘कमला हे तर हिंदू नाव, मुद्दाम फसवायला ठेवलंय.’ पाचव्या अंकात वडील स्वतःच सांगतात नाव कसं ठेवलं ते. आमिरनंतर दुसरं मूल होणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मग ही झाली, आणि त्यांच्या दृष्टीनं तिच्यात काहीसुद्धा उणं नव्हतं, म्हणून अरबी ‘कमाल’वरून कमला. कमाल म्हणजे पूर्णत्व. हा शब्द आपल्याला शिकवायला नको. ‘कमाल केलीस!’ असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. कमाल तापमान, किमान तापमान, कमाल जमीन धारणा! शिवाय ही पोरगी हवी तेव्हा इमारतीएवढी वाढते आणि हवी तेव्हा उंदराएवढी होते. किमान ते कमाल. विल्सनबाईंना मराठी येत नसणार, पण हा योग इंग्रजी वाचकाला नाही, आपल्याला मिळालेला आहे. मराठी शाळेत एवढा एक शब्द या पुस्तकावरून शिकवता आला असता.

आता मूळ दुखणं. ‘पाकिस्तानी’ आणि ‘मुस्लिम’.

कमलाच्या पणजी-पणजोबांची गोष्ट पुढच्या एका अंकात येते. साल १९४७, आणि ते कराचीला निघालेत कुठून? मुंबईहून. पोटुशी बाई, सोबत नवरा, मागे सोडलेली मुंबई. म्हणजे ग्रुपवर जिला ‘तिकडची’ म्हटलं गेलं, तिची पणजी ‘इकडची’ आहे. आपल्यातल्या कित्येकांपेक्षा जास्त मुंबईची, कारण माझे आजोबा तरी तेव्हा मिरजेला होते. पुढे कमला कराचीला आजीकडे जाते. तिला वाटतं, इथे आपण चारचौघांसारख्या दिसू. होतं उलटंच. जर्सीत ती पाकिस्तानी, कराचीत अमेरिकन. पुण्याला गेल्यावर आपली मुलं रिक्षावाल्याशी बोलायला घाबरतात आणि मामेभावंडं त्यांच्या ‘ळ’ची नक्कल करतात, तेव्हाचे त्यांचे चेहरे आठवा.

आणि कमलावरची ‘मिस मार्व्हल’ ही मालिका आली तेव्हाचा आपला ग्रुपही आठवा. जून २०२२. फरहान अख्तर आहे, बघा बघा! बापाच्या भूमिकेतला मोहन कपूर म्हणजे ‘सांप सीढ़ी’वाला! आई झालेल्या झेनोबिया श्रॉफ आपल्या मुंबईच्या पारशी! तेव्हा कुणाला कमलाचा धर्म खुपला नव्हता. मीही त्या गर्दीत होते, नाही म्हणत नाही. कमला झालेली इमान वेलानी कराचीत जन्मून कॅनडात वाढली, आणि भूमिकेसाठी मुली शोधताहेत ही बातमी तिला मावशी-आत्यांपैकी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केली होती. म्हणजे फॉरवर्डमधून चांगलंही काही निघतं.

थोडं कडू बोलते. आपण ज्या शहरात राहतो तिथे १९८७ मध्ये ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी होती. डॉट म्हणजे तुमच्या-माझ्या कपाळावरची टिकली. त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना शहरातून हाकलायची धमकी दिली होती. फोनच्या पुस्तकात पटेल आडनाव दिसलं की घर शोधू, असं त्यात लिहिलं होतं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला पोरांनी मारहाण केली आणि तो त्यात गेला. मारणारे ‘हिंदू, हिंदू’ असं ओरडत होते, असं तेव्हा छापून आलं. तो पारशी होता. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प प्रचारात म्हणाले, की न्यूयॉर्कचे मनोरे पडत असताना जर्सी सिटीत हजारो लोक जल्लोष करताना आपण पाहिले. महापौरांनी ते खोडून काढलं. पण पुढचे कित्येक दिवस मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर माझ्याकडे रोखून बघणाऱ्यांना माझी कुलदेवता कोण ते माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं तेवढ्या बारकाईनं आपल्याला कुणी बघत नाही.

जानेवारी २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बसवर मुस्लिमांविरुद्ध जाहिराती लागल्या होत्या. कुणी अनाम चित्रकारांनी रातोरात त्यांवर कमला खानची चित्रं चिकटवली. तिचा पहिला अंक येऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. कागदावरची पोरगी एवढ्या लवकर रस्त्यावर कामाला लागलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण तिला फलकावरची देवी करू नका. तसं केलं तर माझी लेक ते पुस्तक ठेवून देईल. मार्व्हलनं २००२ मध्येही एक मुस्लिम मुलगी आणली होती, डस्ट नावाची. अफगाणिस्तानची, पायघोळ काळ्या वस्त्रातली, वाळू होऊन जाणारी, आणि तिला सोडवून आणायला मार्व्हलचाच एक नायक, वूल्व्हरिन. बाहेरून बघणाऱ्याला जे दिसतं तेवढंच तिच्यात होतं. कमलाच्या घरात मात्र नाना तऱ्हा आहेत. आमिर इतका धार्मिक, की व्याजाचा पैसा नको म्हणून नोकऱ्या नाकारतो, आणि बाप बँकेत! जेवणाच्या टेबलावर त्यावरून रोज खटके. कमला स्वतः डोक्यावरून काही घेत नाही. तिची मैत्रीण नाकिया घेते, आणि नाकियाचे वडीलच तिला ते काढ म्हणतात. त्यांना वाटतं, हे चार दिवसांचं खूळ आहे. मशिदीत बायकांना पडद्यामागे बसवतात म्हणून कमला शेखसाहेबांशी भांडते आणि त्यांचं भाषण चालू असताना बाजूच्या दारानं पळते. नंतर घरचे तिला त्याच शेख अब्दुल्लांकडे समजूत घालायला धाडतात. मी म्हटलं, झालं, आता प्रवचन. शेखसाहेब म्हणतात, तू जे काही करते आहेस ते मला सांगणार नाहीस हे दिसतंय. मग करायचंच असेल तर धैर्यानं, खरेपणानं, दया ठेवून, स्वतःचा मान राखून कर. आणि एखादा गुरू बघ. त्यानंतर तिला गटारात भेटतो तो वूल्व्हरिन. गुरू मिळाला तो असा, आणि भेटल्याभेटल्या ही त्याला सांगते, मी तुमच्यावर गोष्ट लिहिली होती, महिन्यातली तिसरी सगळ्यात लोकप्रिय.

‘चांगल्या घरच्या मुला’ची गोष्ट तर सगळ्या आयांनी वाचावी. आईवडिलांच्या ओळखीच्यांचा कामरान येतो. देखणा, हुशार, आपल्यातला. घरात सगळे खूश. तोच तिला फसवून भलत्या माणसांच्या हाती देतो आणि वर म्हणतो, गाडीत तू आपणहून बसलीस. मुलींना परक्यांपासून सावध राहा म्हणून आपण शिकवतो. ‘आपल्यातल्या’ मुलाचं काय करायचं ते सांगत नाही. मी हे पान लेकीबरोबर बसून वाचलं. माझ्या तोंडून जे कधी निघालं नसतं, ते त्या पानामुळे बोलणं झालं.

आणि मुनीबा. ही बाई मुलीच्या मागे सतत कटकट करते, कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस. शेवटी एका मोठ्या संकटात कमला तिला रडत सांगते, अम्मी, मिस मार्व्हल मीच आहे. आई म्हणते, मला माहीत आहे. कधीपासून माहीत होतं. खिडकीतून पळून जाऊन तू करतेस काय, तर लोकांना मदत. एवढाच माझ्या मुलीचा दोष असेल तर मी देवाचे आभार मानते. मी चाळिशी ओलांडलेली बाई, त्या पानावर रडले. असो.

खलनायकही बघण्यासारखा. थॉमस एडिसनची प्रतिकृती करायला गेले आणि त्यात पाळीव पोपटाच्या जातीच्या पक्ष्याचा अंश मिसळला, म्हणून पिसारा असलेला एडिसन! ज्या मेन्लो पार्कमध्ये खऱ्या एडिसननं दिवे लावले ते आज त्याच्याच नावाच्या गावात, आणि त्या गावात आपण ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला जातो. हा पिसाऱ्याचा एडिसन मुलांना पटवतो, की तुमची पिढी पृथ्वीला नुसता भार आहे, तेव्हा यंत्रांसाठी वीज म्हणून तरी उपयोगी पडा. मुलं ते खरं मानून आपण होऊन त्या यंत्रांत जाऊन बसतात. ‘आजकालच्या मुलांना काही नको, मोबाइल हवा,’ असं आपण दर स्नेहसंमेलनात माइकवरून म्हणतो. मुलं समोरच बसलेली असतात.

मी काही आंधळी भक्त नाही. नंतरनंतर कमलाला इतक्या सुपरहीरोंच्या भांडणांत ओढलं, की तिच्या घराला जागाच उरली नाही. २०२३ मध्ये तर मार्व्हलनं कहर केला. तिला मारलं, तेही तिच्या स्वतःच्या अंकात नव्हे, स्पायडरमॅनच्या! आणि मरतानाही ती दुसऱ्याच्या रूपात, स्पायडरमॅनच्या मैत्रिणीच्या, मेरी जेनच्या. जी मुलगी उसनं रूप टाकून आपल्या रूपात यायला शिकली, तिला अखेर उसन्या रूपात मारावं, हे त्या संपादकांना कसं खुपलं नाही? दोन-तीन महिन्यांत तिला जिवंत करून म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्तीवाली, केलं, आणि त्यानंतरच्या मालिकेच्या लेखनात इमान वेलानी स्वतः होती, तेवढाच दिलासा. त्या संपादकांनाही खरमरीत पत्र लिहायचं मनात आहे. पण त्यांनी तिला मारलं तरी परत आणलं. आपण तर तिला चिकटपट्टी लावली.

कार्यकारिणीकडे मागणं फार मोठं नाही. पुस्तकं परत टेबलावर ठेवा. एखाद्या पालकाला आपल्या मुलानं ती वाचू नयेत असं वाटत असेल, तर तो त्या पालकाचा हक्क. घरी सांगावं, माझं काही म्हणणं नाही. पण एका घराचं ‘नको’ बाकीच्या घरांवर लादू नये. आणि पुढच्या वेळी पुस्तक हलवायचं झालं तर ज्यानं दिलंय त्याला आधी एक फोन करावा. गणपतीची वर्गणी मागायला करता, तसाच.

एक राहिलं. पुस्तकं सहा होती, खोक्यात पाचच आहेत. पहिला भाग देवघेवीच्या वहीप्रमाणे पाचवीतल्या एका मुलानं तीन आठवड्यांपूर्वी नेलाय. त्याच्या आईचा अंगठा सव्विसांत आहे, तिला बहुधा कल्पना नसावी. काल त्यानं माझ्या लेकीला निरोप पाठवला. वाचून झालं, रविवारी घेऊन येतो, दुसरा भाग माझ्यासाठी राखून ठेव.

दुसरा भाग खोक्यात आहे. रविवारी शाळा दहाला भरते. मी पावणेदहाला कात्री घेऊन टेबलाशी थांबते. तुमच्यापैकी कुणीतरी या.

आपली,
मराठी शाळेतल्या एका मुलीची आई